गेटवर विचारायचं नाव

उरण, १२ जुलै १९९५

ती. आईस,

धाकट्या सुमनकडून पत्र वाचून घेत उंबऱ्यात बसली असशील, तिथेच माझा नमस्कार घे.

कंटेनरच्या गोदामात काम परत लागलं. सलग दोनशे चाळीस दिवस भरले तर कायम करावं लागेल, म्हणून ठेकेदार सात महिन्यांनी ब्रेक देतो आणि दुसऱ्याच्या नावाच्या कार्डावर पुन्हा घेतो. सगळ्यांचंच तसं आहे, टेन्शन घेऊ नकोस. सध्या मी दत्ताराम मयेकर. पगार मात्र नव्या माणसाचाच.

शेळी व्याली का? गुडघ्याला तेल लावतेस ना?

काल गेटवरून दत्तारामच्या नावाची हाक आली. सवयीनं धावलो. बाहेर एक म्हातारा डबा घेऊन उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहत राहिला. त्याचा मुलगा ब्रेक मिळाल्यावर घरी पोचलाच नाही. इथल्या मस्टरवर तो रोज हजर आहे, माझ्या सहीनं.

जाताना डबा माझ्याच हातात दिला त्यानं.

आई, कधी आलीस तर गेटवर उत्तमला विचारू नकोस. तो कधीच गावी गेला, असं सांगतील. दत्ताराम मयेकर म्हण, मी धावत येईन.

तुझाच,
उत्तम