कूस वळवताना

प्रिय झसिंतु,

रोज दुपारी तुझ्या उशाशी येऊन बसणारी बायको पत्र कसलं लिहिते, म्हणशील. पण हे तुझ्या तोंडावर बोलायला माझी जीभ रेटत नाही. शुक्रवारी डॉक्टर कागद आणणार आणि उजवं अंग लुळं पडलेला तू डाव्या हातानं का होईना, सही करून घरी न येता वृद्धाश्रमात जाणार. "जिनं एक्केचाळीस वर्षं संसार केला तिनं आता माझं ढुंगण धुवायचं? त्यापेक्षा मला झाडाखाली पुरा!" अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असा ओरडलास. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा एवारिश्तु म्हणाला, "बायको घरी बोलावतेय तर जा की बाबा. माझी दहा वर्षांपासून वरून बोलावतेय, तिच्याकडे जाऊ का?" सगळे हसले. तू तेवढा डोळे मिटून पडून राहिलास.

तुझी लाज मला कळते रे. एव्होराच्या नन्सच्या निवासी शाळेत आम्ही मुली अंगात लांब सदरा ठेवूनच आंघोळ करायचो. सिस्टर बेनेदिता दाराबाहेरून विचारायच्या, "सदरा आहे ना अंगात, इदलिना?" लग्नानंतरही मी कपाटाच्या दाराआड कपडे बदलायची आणि तू चिडवायचास, "मी जन्मभर बुचाची झाडं सोलतोय बाई, मला काय नवीन!" आता तू कपाटाआड आहेस आणि मी बाहेर.

सहा आठवडे मी तुझ्याशी खोटं बोलले. सकाळी बहिणीकडे जाते म्हणायची, ते खरं नव्हतं. याच इस्पितळाच्या तळघरात परिचारिकांच्या मदतनिसांचा वर्ग भरतो, तिथं जात होते. माहेरच्या आडनावानं नाव घातलं. बाकी सगळ्या पोरी विशीतल्या. सुराया नावाची एक टवळी पहिल्याच दिवशी म्हणाली, "आजी, सरावाला तुम्हीच पेशंट व्हा, तुम्हाला शोभतं!" मी खाटेवर आडवी झाले. तिनं काही न बोलता मला खस्सकन कुशीवर ओढलं आणि चालत्या गाडीवरून पडावं तसं माझं काळीज हललं. आमचा वर्ग घेणाऱ्या फिलुमेनाबाई तिला म्हणाल्या, "बघ आजींचा चेहरा. आधी विचारायचं, मग सांगायचं, मग हात लावायचा. माणूस बेशुद्ध असला तरी." पोरगी लाजली. मला मात्र त्या वाक्यानं प्रार्थनेच्या वेळी यायचा तसा काटा आला.

मग एकेक गोष्ट बघत गेले आणि थक्क होत गेले. डोळे नुसत्या पाण्यानं पुसायचे, नाकाकडून कानाकडे, दुसऱ्या डोळ्याला कापडाचा दुसरा कोपरा. जेवढं धुवायचं तेवढंच उघडं करायचं, बाकी अंग चादरीखाली. म्हणजे सिस्टर बेनेदितांचा सदराच की! माकडहाडावर लाली दिसली तर बोटानं दाबायची. फिकी झाली तर ठीक, नाही झाली तर तिथं जखम धरू लागली आहे. आणि कूस वळवणं! पलीकडचा हात छातीवर, गुडघा वाकवायचा, एक हात खांद्यावर, एक कमरेवर, आणि नव्वद किलोचा माणूस बावन्न किलोच्या बाईच्या हातून तेल घातलेल्या दारासारखा वळतो. जोर लावायचाच नाही. ओढलं तर म्हाताऱ्या माणसाची कातडी चादरीला घासून सोलवटते.

तेव्हा मला तू आठवलास. लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यात मी तुझा डबा घेऊन रानात आले होते. बुचाच्या झाडावर तू कुऱ्हाड मारलीस आणि क्षणभर थांबून आवाज ऐकलास. मग कुऱ्हाडीच्या दांड्यानं साल अशी सोडवलीस की खालचं लाल अंग ओलं, अखंड चमकलं. मला म्हणालास, "आतल्या सालीला लागलं तर झाड ते कधी विसरत नाही. नऊ वर्षांनी पुन्हा साल काढायला येशील तेव्हा तो व्रण दिसेल." किती हळू बोललास, जणू झाड ऐकत होतं.

आता जे सांगायचं ते सांगते. गेल्या मंगळवारी तुझ्या वॉर्डात फिलुमेनाबाईंना मदतीला एक माणूस कमी होतं आणि तोंडाला मास्क लावून मी पुढे झाले. त्यांनी तुला सांगितलं, "झसिंतुदादा, भिंतीकडे वळवते हं." तू नेहमीसारखे डोळे मिटलेस. पाठीवरचा, कमरेवरचा, त्याखालचा हात माझा होता. सगळं मी धुतलं. लाली होती, दाबल्यावर फिकी झाली. दुपारी तूच मला सांगितलंस, "आज एक नवी बाई होती. तोंडातून चकार शब्द नाही, पण हात कसे! आमच्या मुकादम लाझारुचे असायचे तसे. कुठं लागलं म्हणून नाही." मी खिडकीकडे बघत बसले. तू माझा नवरा आहेस हे फिलुमेनाबाईंना कळलं तेव्हा म्हणाल्या, "कामाला पैकीच्या पैकी. पण त्यांना विचारलं होतं का?"

नव्हतं विचारलं. पहिलाच नियम मी मोडला, आणि तोही तुझ्याशी. त्याची माफी मागते. शुक्रवारी तू जिथं म्हणशील तिथं सही कर, मी भांडणार नाही. पण त्याआधी, डोळे उघडे ठेवून, माझ्याकडे बघून एवढं उत्तर दे. झसिंतु, मी तुला हात लावू का?

तुझीच,
इदलिना