पाटावर चढवलेली गाडी

नल्लकुंटा, हैदराबाद
रविवार, २ जुलै २०००

प्रिय सुमन,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, मी ठणठणीत आहे. घर जागेवर आहे. तुळशीला रोज पाणी घालतो, दूधवाल्याशी झालेलं भांडण मिटलं, आणि वरणात हिंग किती घालायचा याचा अंदाज आता मला आला आहे. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, एवढ्या काळात मी तुला तीन पत्रं लिहिली असतील, तीही स्वातीच्या जन्माच्या वेळी तू माहेरी होतीस तेव्हा. घरात फोन असताना पत्र कशाला, असं तू विचारशील. फोनवर तू 'बरं' म्हणतेस, मी 'बरं' म्हणतो, मागे मिलिंदराव पेपर चाळत असतात, जावयासमोर काय बोलणार, आणि बोलायचं ते राहून जातं. शिवाय फोनवर मी तुला एक गोष्ट खोटी सांगितली आहे, ती दुरुस्त करायची आहे.

तू फेब्रुवारीत स्वातीच्या बाळंतपणाला म्हणून पुण्याला गेलीस. बारसं होऊन तीन महिने झाले, स्वाती कामावर रुजू झाली, बाळाला सांभाळायला बाईही मिळाली. तरी तू परत यायची तारीख सांगत नाहीस. कधी बाळाला सर्दी असते, कधी बाईची सुट्टी असते. मी काही दुधखुळा नाही, सुमन. कंपनीने व्हीआरएस काढली, मी ती घेऊन घरी बसलो, आणि पंधरा दिवसांत, तुला एका शब्दाने न विचारता, लाल रंगाची, दोन माणसांची, जमिनीला पोट घासत चालणारी स्पोर्ट्स कार दारात आणून उभी केली. त्या दिवसापासून तू माझ्याशी कामापुरतं बोलतेस. फोनवर तुळशीचं विचारतेस, गॅसचा नंबर लावला का विचारतेस, गाडीचं चुकूनसुद्धा विचारत नाहीस. तू निघालीस त्या दिवशी मी म्हणालो, चल, गाडीतून सोडतो. तू सरळ रिक्षा बोलावलीस. मग मीही हट्टाला पेटलो आणि तुझी बॅग शेजारच्या सीटवर ठेवून स्टेशनपर्यंत रिक्षाच्या मागे मागे गाडी चालवत आलो. काचीगुड्याच्या चौकात लोक आपल्याकडे बघून हसत होते. तू हसली नाहीस. मला वाटतं त्या दिवशी तू हसली असतीस तर पुढचं सगळं टळलं असतं.

तर ती खोटी गोष्ट. मी तुला सांगितलं की आपल्या पोर्टिकोतल्या जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं, संपाचं झाकण जुनं होतं म्हणून फुटलं. जुनं होतं हे खरं आहे. पण ते आपणहून फुटलं नाही.

झालं असं. आपल्या नल्लकुंट्यातल्या स्पीडब्रेकरांवरून जाताना गाडीच्या इंजिनाखालचा पत्रा घासून घासून सैल झाला होता आणि रस्ताभर खडखड वाजत होता. गॅरेजवाल्याकडे जायची मला लाज वाटत होती, कारण तो प्रत्येक वेळी ही गाडी कुणी गळ्यात मारली म्हणून विचारतो. तीस वर्षं कंपनीच्या तपासणी खात्यात दुसऱ्यांच्या कामात खोट काढणारा माणूस मी, चार नट घरी आवळता येणार नाहीत का, असा विचार करून मंगळवारी सकाळी कामाला लागलो. बारा दिवस झाले त्याला. पहिली अडचण म्हणजे जॅक. समोरच्यांच्या फियाटचा जॅक मागून आणला, तर तो गाडीखाली जाईच ना. गाडी इतकी बुटकी की जॅक पूर्ण दाबून बसवला तरी बोटभर उंच. आधी पुढची चाकं कशावर तरी चढवायला हवीत, मग खाली जागा होईल. घरात सपाट, जाड, एकसारखं असं काय आहे म्हणून शोधलं, आणि मला तुझे पाट सापडले. हो, तेच. तुझ्या माहेरचे, पितळी फुल्यांचे, सागवानी. रागावू नकोस, पुढे अजून रागावण्यासारखं आहे.

दोन पाट चाकांपुढे ठेवले आणि हळूच गाडी त्यांवर चढवली. दोन्ही पाटांनी हूं की चूं केलं नाही, तुझ्या वडिलांनी लाकूड उत्तम निवडलं होतं. पुढून दीड इंच उंची मिळाली आणि जॅक आत गेला. हँडब्रेक ओढला होता, पहिला गिअर टाकला होता, मागच्या चाकांच्या पुढेमागे विटा लावल्या होत्या. जॅक पुढच्या बाजूला बरोबर मधोमध, जाड लोखंडी पट्टीखाली लावला आणि गाडी वर घेतली. आणि मग मी काय केलं असेल? चाकं अधांतरी झाल्याबरोबर पाट काढले, पुसले आणि आत नेऊन ठेवले. तुझे पाट, ओरखडा उठला तर तू काय म्हणशील या धास्तीने. मग निळी सतरंजी अंथरली, तिच्यावर उताणा झालो आणि खाली सरकलो.

आता तू विचार कर, गाडी कुठे उभी होती. आपल्या पोर्टिकोत संप नेमका मधोमध आहे आणि तो तिथेच खणायचा हट्ट माझाच होता. वर अँगल टाकून शहाबादी फरशा बसवल्या, त्या इतक्या बेमालूम की नव्या माणसाला खाली टाकी आहे हे कळणारसुद्धा नाही. गाडी आणल्यावर तिचं वजन फरशांवर येऊ नये म्हणून मी टेप घेऊन मापं काढली, दोन पिवळे पट्टे मारले आणि चाकं रोज त्या पट्ट्यांवर, संपाच्या अल्याड-पल्याड उभी करत होतो. एवढी अक्कल होती. पण जॅक मधोमध लावला म्हणजे सगळा भार फरशीच्या पोटावर आला, हे त्या तपासणी अधिकाऱ्याच्या डोक्यात आलं नाही.

खाली मिट्ट काळोख होता, सकाळचे दहा वाजलेले असूनही. नटाचं डोकं दिसेना. मी पडल्या जागेवरून हाक मारली, सुमन, बॅटरी दे गं. उत्तर नाही. पुन्हा मारली, जरा आवाज चढवून. तिसऱ्या हाकेला लक्षात आलं की तू पुण्याला आहेस. मग चरफडत, कोपरं खरवडून घेत बाहेर आलो आणि बॅटरी शोधायला लागलो. फ्रिजवर नाही, देवघरामागे नाही, माझ्या कपाटात नाही. स्वतःच्या घरात बॅटरी कुठे असते हे मला माहीत नाही, याचा राग मी तुझ्यावर काढत होतो, तोंडाने पुटपुटत. शेवटी ती मीटरच्या पेटीवर सापडली. ती हातात घेतली आणि बाहेर धाडकन आवाज झाला.

फरशी दुभंगली होती आणि जॅक संपात गेला होता. गाडीचं नाक खाली बसलं होतं. तो लोंबणारा पत्रा निळ्या सतरंजीत रुतला होता, जिथे माझी छाती होती तिथेच. मी वेड्यासारखा सतरंजी ओढायला लागलो. निघेना. मग पायरीवर जाऊन बसलो. घाबरलो होतो, सुमन. हातातली बॅटरी चालूच होती, ती बंद करायचंही सुचलं नाही. समोरच्या बाई आवाज ऐकून विचारायला आल्या, त्यांना म्हणालो, काही नाही, झाकण जुनं होतं. तेच मग तुलाही सांगितलं.

दुपारी अप्पारावांना फोन केला. तुला आठवत असतील, तारनाक्याचे, रेल्वेच्या कारखान्यात डबे उचलण्यात जन्म गेला, आता गुरुवारी माझ्याशी पत्ते खेळतात आणि हरतात. स्कूटरवर आले, खाली वाकून बघितलं, सतरंजी बघितली. मग म्हणाले, साब, आप हौले हैं क्या, अक्कल नहीं क्या, तीस साल दुसरों का काम चेक करे, अपने नीचे की जमीन नहीं देखे. आणि मग मला असं झापलं की बालवाडीतल्या मुलालाही कुणी झापत नाही. दोन दिवसांनी लाकडाचे मजबूत ठोकळे आणि दोन लोखंडी तिपाया घेऊन आले. तिपायांना ते घोडी म्हणतात. गळ टाकून संपातून जॅक काढला आणि तो मला धुवायला लावला.

मग गाडी फाटकाजवळच्या पक्क्या काँक्रीटवर नेली आणि माझी शिकवणी सुरू झाली. आधी पायाने जमीन ठोकून बघायला लावली, सगळीकडे. गाडी बुटकी आहे तर तिला उतरत्या ठोकळ्यांवर चढवा, पण ठोकळे काढून आत नेऊन ठेवू नका, हे वाक्य त्यांनी माझ्याकडे रोखून बघत दोनदा म्हटलं. जॅक पत्र्याला लावायचा नाही, गाडीच्या हाडाला लावायचा. जॅक उचलण्यापुरताच, धरून ठेवायला घोडी. दोन्ही बाजूंना घोडी लावून गाडी त्यांच्यावर उतरवायची, मग गाडीला हाताने जोरात हलवून बघायचं, ती हलायचीच असेल तर आपण खाली असताना हलण्यापेक्षा तेव्हाच हललेली बरी. काढलेलं चाक असेल तर तेही आडवं करून खाली सरकवायचं. आणि घरात दुसरं माणूस नसेल तर गाडीखाली जायचंच नाही. एवढं सगळं झाल्यावर मी खाली गेलो, अप्पाराव माझ्या पायाशी खुर्ची टाकून बसले आणि चार नट आवळायला मला पाच मिनिटं लागली. ते जाताना म्हणाले, अम्मागारूंना, म्हणजे तुला, खरं काय ते सांगा, नाहीतर मी फोन करतो. मी म्हणालो, सांगतो. संपावर आता सळया टाकून काँक्रीट ओतून घेतलं आहे. पाट शाबूत आहेत. एकावर टायरचा ठसा होता, चिंच लावून घासला, थोडा राहिला आहे.

आता एक सांगू का. ही गाडी मी का घेतली हे तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. मिरवायला घेतली असं तुला वाटतं, आणि थोडी मिरवायलाही घेतली, खोटं कशाला बोलू. पण तू आठवून बघ. काचीगुड्याच्या दोन खोल्यांत आपण नवरा-बायको सोडून सहा माणसं होती. पुढे स्कूटर आली, तिच्यावर पुढे स्वाती, मागे तू, तुझ्या मांडीवर भाजीची पिशवी. कुठे जायचं म्हटलं की कुणाला तरी न्यायचं असायचं. आपण दोघंच असे कधी कुठे गेलो? मला आठवत नाही. एका डॉक्टरांनी विकायला काढलेली ही गाडी त्यांच्या दारात बघितली, आत वाकून पाहिलं, मागे सीटच नव्हती. कुणी येतो म्हणालं तरी नेता येणार नाही अशी गाडी. मी तिथेच हो म्हणून बसलो. तुला विचारलं असतं तर तू शहाणपणाने नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. तिथे चुकलो. तुझ्यासाठी आणली आणि तुलाच वगळून आणली.

पण पत्र यासाठी लिहायला घेतलं नाही. बारा दिवस एकच गोष्ट डोक्यात आहे. तू घरी असतीस तर मी खालून हाक मारली असती, तू पोळ्या टाकून बॅटरी घेऊन आली असतीस, आणि मी तिथेच पडून राहिलो असतो. तू नव्हतीस म्हणून मी उठलो आणि वाचलो. हे मी कुणाला सांगू? अठ्ठावीस वर्षं मी पडल्या जागेवरून हाका मारत आलो आणि तू उठत आलीस. पाणी दे, चष्मा दे, टॉवेल दे. गेले चार महिने फोनवरसुद्धा तेच करतोय, कधी येतेस, कधी येतेस. तुला गाडी नको असेल तर विकून टाकू, मी वाद घालणार नाही. एकदा शेजारी बसून मग सांग, एवढंच मागणं आहे, तेही जमलं तर. यायची तारीख मात्र आता विचारत नाही. शुक्रवारच्या रेल्वेचं तिकीट काढलं आहे, शनिवारी सकाळी पुण्यात उतरतो. परतीचं काढलेलं नाही, तू म्हणशील तेव्हा काढू, तोवर बाळाला झोके देईन. मी दारात दिसलो की तू आधी काय झालं म्हणून घाबरशील, तेव्हा जे झालं ते तुला आधीच माहीत असावं म्हणून हे पत्र. स्टेशनवर मिलिंदरावांना पाठवू नकोस, मी घर शोधत येईन.

तुझाच,
मुकुंद