टेलरचं तुटलेलं बटण

दि. ४ मे

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

इकडे आम्ही दोघे ठीक. म्हणजे बोलत नाही, पण ठीक. गेल्या सोमवारी माझ्या शर्टाचं बटण तुटलं. तुझ्या भावजयीला लावून द्यायला सांगितलं, तर म्हणाली, टेलर तुम्ही, दिवसाला शंभर बटणं लावता, त्यात हे एकशे एकावं. मी म्हटलं, दुकानात मी टेलर, घरात नवरा. आपल्या आईने बाबांना कधी स्वतःचं बटण लावू दिलं का? नेमका त्याच दिवशी पंखा बंद पडला. ही विजेच्या दुकानात बसून दिवसभर लोकांचे पंखे दुरुस्त करते, आणि घरात म्हणते, असली वर चढायची कामं पुरुषाने बघायची असतात. आता शर्ट खुंटीवर आणि आम्ही दोघे घामाघूम.

खरं सांगू का, माशी शिंकली ती आदल्या दिवशीच. परगावच्या पंख्यांच्या कारखान्यात तिला सहा महिन्यांचं काम चालून आलंय, नव्या मुलींना शिकवायचं. मी एवढंच विचारलं, की घर कोण बघणार? तेरा तारखेला निघते म्हणते. बॅग काढून ठेवलीय. तिचा पट्टा तुटका आहे, तेवढीच काय ती आशा. तू तिला चार शब्द सांग, तुझं ऐकेल.

लोभ आहेच, तो या वेळी माझ्या बाजूने असावा ही विनंती.

तुझा बारक्या


दि. ८ मे

चि. बारक्यास अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी मी हसले, मग तुझ्या दाजींना वाचून दाखवलं, तेही हसले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो तुमच्याकडे जोडीने राहतो.

आईचा दाखला दिलास म्हणून सांगते. आईला सुईत दोरासुद्धा धड ओवता येत नव्हता. बाबा दुकानाच्या मागच्या खोलीत स्वतःची बटणं स्वतःच लावायचे आणि चारचौघांत सांगायचे, हिने लावलं. मी तिथे टाचण्या वेचायला बसायचे, म्हणून मला ठाऊक. टेलरच्या बायकोला शिवता येत नाही म्हणून लोक हसतील, या धाकाने दोघांनी तीस वर्षं नाटक केलं, आणि तू ते खरं धरून संसाराला लागलास. आई चित्रं फार सुंदर काढायची, हे तुला माहीत आहे? नसणारच. लग्नानंतर तिला कुणी काढ म्हटलंच नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हा मी काही तुझी री ओढणार नाही. अडवलीस तर राहीलही ती, पण अशीच गप्प राहील. चालेल तुला?

आशीर्वाद नेहमीचेच, आणि कान धरलाय तोही नेहमीचाच.

ताई


दि. १२ मे

ती. वन्संना शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तुमच्या बंधुराजांनी दोनदा वाचलं आणि टेबलावर उघडं टाकून दुकानात गेले. म्हणजे मी वाचावं. काल सकाळी चक्क रस्त्याकडच्या खिडकीत बसून त्यांनी बटण लावलं. समोरच्या काकूंनी हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाले, टेलर आहे, बटण लावतोय.

मग मलाच लाज वाटली. तुम्हाला म्हणून सांगते, पंखा बिघडलाच नव्हता. त्या सोमवारी रागाच्या भरात मीच वायर काढून ठेवली होती. काल स्टुलावर चढून जोडली. त्यांनी स्टूल धरलं, पण काय बिघडलं होतं ते विचारलं नाही. ओळखलं असणार.

मी उद्या निघते. त्यांना ते मनातून आवडलेलं नाही, आणि खरं तर मलाही सहा महिने जड जाणार आहेत. आज बॅग भरायला घेतली, तर पट्टा शिवून ठेवलेला, तोही दुहेरी टाक्यांनी. मी म्हटलं, माझे चार कपडे, त्यांना एवढा मजबूत पट्टा कशाला? मान खाली घालूनच म्हणाले, येताना सामान वाढलेलं असेल.

मागे ते एकटे आहेत, पत्र पाठवत राहा. लोभ दोघांवर सारखाच असू द्या.

तुमची भावजय