अस्तर

१४ मार्च, रविवार दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसलोय. अक्षराला हसू नकोस. इकडे सगळं बरं आहे. बाबांचं शिलाई मशीन पुन्हा खडखडायला लागलंय.

तुझ्या टेलरिंगच्या दुकानाची फीत कापायला ते ‘जमणार नाही’ म्हणाले, आणि तू डोक्यात राख घालून घेतलीस. पोरीनं वेगळं दुकान टाकलेलं त्यांना खुपतं, असंच वाटलं ना? वेडाबाई! तुझ्या पाटीचा फोटो त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.

कारण वेगळंच आहे गं. मला लिहायलाही जड जातंय. ऑपरेशननंतर बाबांना लघवी आवरत नाही. गुपचूप चादरी धुवायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला स्वच्छतेचं वेड लागलं! बाहेर जाणं बंद केलं, पाणीसुद्धा पिईनात.

डॉक्टरीणबाईंनी डायपर वापरायला सांगितले. पुडकं पुढे ठेवलं तर म्हणाले, “हे तान्ह्या पोराचं सामान उचल इथून.” हातापाया पडलो तेव्हा कुठे घातलं, आणि ते गळलं. गळणारच. कमरेचं माप विचारलं होतं तर ‘चौतीस’ म्हणाले होते. लग्नातल्या सुटाचं माप! जन्मभर गिऱ्हाइकांना ‘पोट आत ओढू नका’ म्हणून दटावलं या माणसानं.

मी त्यांचीच टेप काढली. म्हटलं, “बाबा, श्वास सोडा.” सोडला. चाळीस भरली. आधी हसले, मग हसता हसता डोळे पुसायला लागले. मीही रडलो, तुझ्यापासून काय लपवू.

नवं पुडकं आणलं. त्यातलं एक त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं. “शिवण कच्ची आहे, पण पाणी बरं पितंय. फक्त ते नाव घ्यायचं नाही. अस्तर म्हणायचं. कोटाला नसतं का?” मग दोन पँटींची सीट स्वतःच उसवून सैल केली. आता रोज सकाळी हाक येते, “अरे, अस्तर दे!” काल कोपऱ्यावर जाऊन चहा पिऊन आले. अख्खा कप, ताई!

तरी तुझ्याकडे यायला तयार होईनात. शेवटी बोलले. “दुनियेला दिसणार नाही रे. पण तिला मीच शिकवलंय. फिटिंग मागून बघायचं. तिच्या नजरेतून सुटायचं नाही.” कळलं ना आता, भीती तुझ्या डोळ्यांची होती.

आज सकाळी म्हणाले, “लिही तिला सगळं. येतो म्हणावं.” तेव्हा ये गं फोनवर. त्यांची खुर्ची बाथरूमजवळ ठेव. आणि फीत कापून झाली की एकदा मागून बघ आणि खरं काय ते सांग. लाडानं सांगितलंस तर ओळखतील.

तुझाच,
ज्याला अजून बटणही लावता येत नाही तो भाऊ

ता. क. पोरी, दुकानातली कात्री नको. माझी आणतोय, धार लावून ठेवलीय.
तुझा बाप, कंबर चाळीस.