शाळेच्या मैदानाखालून

पंपघर, ३ मार्च

ती. स्व. वन्संना,
सा. न. वि. वि.

आजच्या पेटीत नमुन्याच्या सहा बाटल्या आहेत. पाणी चांगलं आहे. एकमेकांच्या पाण्यात विष नाही हे पटावं म्हणून ही पेटी रोज इकडून तिकडे जाते, म्हणून तरी आपली पत्रं पोचतात. पहाऱ्यावरच्या शिपायाने तुमचं मागचं पत्र वाचलं आणि गुडघ्यांसाठी मलम सुचवलं. नाव बाटलीच्या चिठ्ठीवर लिहिलं आहे.

काल वाचनालयाबाहेर तहाचा मसुदा लागला. दोन्ही बाजूंच्या मधोमध, शाळेच्या मैदानातून सहा फूट खोल चर खणायचा, असं कलम आहे. खुंट्याही ठोकल्या आहेत. मसुद्यासोबतच्या नकाशात पाण्याचे पाइप चौकाखालून जातात. ते लढाईच्या पहिल्याच वर्षी फुटले. तुमच्या भावाने मैदानाखालून नवे दोन टाकले, एक चढता, एक उतरता, जेमतेम तीन फूट खोल. शेवटचा सांधा जोडताना ते गेले. नकाशात यातलं काही नाही. चर खणला की आमचं पाणी तुमच्या टाकीत चढणार नाही आणि टाकीतलं इकडे उतरणार नाही.

शिष्टमंडळात अकराजण आहेत, सगळे पुरुष. मी चिटणिसांना भेटले. बायकांचे प्रश्न पुढच्या टप्प्यात घेऊ, म्हणाले. मी पाण्याचं बोलते आहे म्हटलं, तर म्हणाले, तेच ते. मग सह्यांच्या दिवशी मृतांच्या पत्नींच्या वतीने फुलं द्यायला या, असा आग्रह केला. भावोजी तुमच्याकडच्या शिष्टमंडळात आहेत. त्यांच्या कानावर घालाल का?

माया आहे तशी राहू द्यावी.
आपली,
धाकटी

टाकी, ६ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

नावाआधी ‘सौ.’ लिहायला हात आपसूक गेला होता. वर्ष होऊन गेलं तरी जातो. मलम लागू पडलं, त्या शिपायाला सांग. पुढचं पत्र वाचशील तेव्हा कंबरेचंही बघ म्हणावं.

यांच्या कानावर घातलं. घातलं कसलं, ओतलं. हेडमास्तर ते. आधी माझं वाक्य पूर्ण होऊ दिलं, मग चूक ठरवलं. नकाशा तज्ज्ञांचा आहे, म्हणाले. मैदान यांच्याच शाळेचं. मी म्हटलं, तीन वर्षं टाकीची झडप मी उघडते, पाणी कुठून येतं ते मला विचारा. तर म्हणे, बायका टेबलाशी आल्या की बोलणी घरगुती होतात. हे सगळं जेवून हात धुताना, नळ सोडून. नळ शेवटी मीच बंद केला.

माझ्या मनात असं येतंय की सह्यांच्या दिवशी दोन तास झडप उघडूच नये. तूही पंप बंद ठेव. बावीस पुरुषांचे घसे कोरडे पडले की कळेल तहान घरगुती असते की नाही. तुझं मत कळव. आणि जेवत जा.

तुझीच,
वन्सं

पंपघर, ९ मार्च

ती. स्व. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून बऱ्याच दिवसांनी हसले. पण झडप बंद करू नका. दवाखान्यात सत्तावीस रोगी आहेत. पाणी तुटलं तर आधी त्यांचे हाल होतील, टेबलाशी बसलेल्यांचे नाही. शिवाय हे पाणी वाहतं राहावं म्हणून ते गेले. तेच अडवून स्वतःचं म्हणणं ऐकवायचं, हे माझ्याने होणार नाही.

मी तीन अर्ज दिले. पहिल्याला उत्तर नाही. दुसरा तांत्रिक समितीकडे गेला. तिथे माझा हुद्दा विचारला. पाणी तपासनीस म्हटल्यावर पाइपशी आपला संबंध येत नाही, असं सांगितलं. तिसरा परत आला, सोबत फुलं देण्याची वेळ. मला सहसा राग येत नाही. या आठवड्यात दोन परीक्षानळ्या फुटल्या. हातून निसटल्या, असं मी सगळ्यांना सांगितलं.

फुलं द्यायला मी जाणार आहे. तुमच्या भावाच्या वहीत पाइपांचं पेन्सिलीने काढलेलं रेखाटन आहे, खोली आणि सांध्यांसकट. ते फुलांखाली धरून नेते. त्या टेबलापर्यंत पोचायला मला दुसरी वाट नाही. परवाना मिळाला तर तुम्हीही या.

आपली,
धाकटी

टाकी, ११ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

परवाना नाकारला. कार्यक्रमाशी संबंध नाही, असा शेरा आहे. ज्याच्या नावाने फुलं, त्याची मी सख्खी बहीण. जाऊ दे. तू मात्र मोठ्याने बोल. तुझं बोलणं शेजारी बसलेल्यालाही ऐकू जात नाही, आमचा धाकटा नेहमी सांगायचा.

तुझीच,
वन्सं

पंपघर, १५ मार्च

ती. स्व. वन्संना,
सा. न. वि. वि.

काल मी मोठ्याने बोलले. फुलं बाजूला ठेवली, वही टेबलावर उघडली आणि म्हटलं की चर इथे खणलात तर दोन्ही गावं कोरडी पडतील, हे पाइप टाकताना माझा नवरा गेला आहे. एवढं बोलून होतं न होतं तोच अध्यक्ष उठले. माझ्या नवऱ्यासाठी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या, म्हणाले. सगळे उभे राहिले. भावोजीही, मान खाली घालून. त्या दोन मिनिटांत मला तोंड उघडता येईना. वर्षभरात त्यांच्यासाठी कुणी असं उभं राहिलं नव्हतं, आणि राहिले ते मला गप्प करायला. तेवढ्यात कारकुनाने फुलं आणि वही एकत्रच उचलून नेली. मग सह्या झाल्या.

वही आज मागून आणली. पानावर फुलांचं पाणी सांडलं आहे, पण खुणा दिसतात.

परवा खणायला येणार आहेत. मी पंपघरातली खुर्ची घेऊन मैदानात बसणार, त्यांनी शेवटचा सांधा जोडला तिथे. पाणी चालूच राहील, पंपावरच्या दोघी बघतील. तुमच्या बाजूची खुंटी तिथून दहा पावलांवर आहे. तुम्हाला पाहून तीन वर्षं झाली. गुडघे बरे असतील तर या.

आपली,
धाकटी

टाकी, १६ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

गुडघ्यांचं काय घेऊन बसलीस. येते. झडपेवर शेजारणीला बसवलं आहे.

खुर्ची आताच दाराशी काढून ठेवली. हे विचारत होते, कुठे निघालीस. बैठकीला, म्हटलं. कुणी बोलावलंय, म्हणाले. कुणी नाही, म्हटलं. मघाशी यांनीच खुर्चीचा हलणारा पाय ठोकून दिला, आणि ती वही उद्या मला दाखव म्हणाले. मी म्हटलं, मैदानात या. तिथे बघा.

वही विसरू नकोस.

तुझीच,
वन्सं