अहिल्येचे पुढचे चार दात

१८ नोव्हेंबर १९७४, सोमवार

आज पुन्हा रक्त. काडीला कापूस गुंडाळून बसवलेल्या दातांच्या डावीकडच्या खुंटाभोवती फिरवला, टोक लाल झालं. वासही येतो आता. मिठाचं पाणी तोंडात धरणं अहिल्येला जमत नाही. गिळून टाकते, नाहीतर हनुवटीवरून ओघळतं. म्हणून कापूस भिजवून मीच पुसतो. सकाळी अर्धा तास, कचेरीतून आल्यावर अर्धा तास. जूनमध्ये लकवा झाला, तेव्हापासून एकही दिवस चुकलेला नाही.

उपयोग काय, हे विचारायचं नाही.

१९ नोव्हेंबर

नागपूरच्या डॉक्टरांनी दिलेला कागद पुन्हा वाचला. घड्यांवर फाटत चाललाय. पाणी उकळून गार केलेलं असावं. ब्रश मऊ. दोरा दातांच्या मागून घालून खुंटापाशी हळूच पुढे-मागे करावा. पुढच्या दातांनी पोळी तोडू नये. सुपारी नाही. खुंटाजवळ घाण साचली तर हाड खराब होतं – या ओळीखाली त्यांनी स्वतः रेघ मारली आहे.

तोंड उघडतच नसेल तर काय करावं, ते कुठे लिहिलेलं नाही.

२० नोव्हेंबर

आज तोंड उघडलं नाही.

२२ नोव्हेंबर

हे सगळं माझ्यामुळे. कुठेतरी लिहून ठेवायला हवं.

तीन वर्षांपूर्वी वैनगंगेच्या घाटावर अहिल्या घसरून पडली. वरचे पुढचे चार दात गेले. कवळी केली, ती बोलताना निसटायची. मग तोंडाला पदर लावून बोलायची सवय लागली तिला. तिला त्याचं काही वाटत नव्हतं, मला वाटायचं. कमलीचं लग्न ठरत होतं, व्याही येणार, मुलीची आई तोंड झाकून बसणार! तेवढ्यात कळलं, नागपूरला एक डॉक्टर हाडातच धातूचे खुंट बसवून त्यावर पक्के दात लावतात. अगदी नवीन पद्धत. ती म्हणाली होती, "मले काय करायचे या वयात? राहू द्या ना." मी ऐकलं नाही. नॅरोगेजच्या छोट्या गाडीने गोंदिया, तिथून नागपूर, अशा पाच खेपा केल्या. तोंड सुजायचं. खिडकीकडे बघत बसायची, तक्रार नाही.

लग्नात सगळे म्हणाले, अहिल्याबाई दहा वर्षांनी लहान दिसतात. मला केवढा आनंद झाला होता.

२३ नोव्हेंबर

नागपूरला पत्र टाकलं होतं, त्याचं उत्तर आलं. ज्यांनी दात बसवले ते डॉक्टर परदेशी गेले. त्यांच्या जागी आलेल्यांनी लिहिलंय – खुंट हलत असतील, पू येत असेल, तर ते वाचवायच्या मागे लागू नका. जवळच्या दवाखान्यात काढून घ्या. उशीर करू नका.

पत्र पंचांगात घालून ठेवलं. शेजारच्या मैनाबाईंनाही सांगितलं नाही.

२५ नोव्हेंबर

डावा खुंट हलतोय. बोटाला कळतं.

२७ नोव्हेंबर

मी कचेरीत असताना मैनाबाईच अहिल्येजवळ बसतात. आज मी आलो तर दारातच उभ्या होत्या. दिवसभरात दोन घास खाल्ले म्हणाल्या, तेही चमचा दिसू नये म्हणून हाताने भरवले. मी विचारलं, चमच्याचं काय? म्हणाल्या, "बाबूजी, तोंडाजवळ काहीबी नेलं का ते भेते. तिले वाटते तुम्ही दात घासाले आले."

हात धुतले. पाणी उकळायला ठेवलं.

२८ नोव्हेंबर

बोट चावलं. जोरात. तिच्या अंगात इतकी ताकद उरली असेल असं वाटलं नव्हतं. मी ओरडलो तिच्यावर. पाच महिन्यांत पहिल्यांदाच. ती भिंतीकडे पाहत राहिली. मला ओळखते की नाही, तेच कळत नाही. कोणीतरी रोज दोन वेळा येऊन तोंडात काड्या घालतो, एवढंच कळत असेल.

ओसरीवर जाऊन बसलो. बोटावर दातांचे चार व्रण. नीट, सारखे. डॉक्टरांनी काम चांगलं केलं होतं.

१ डिसेंबर

मी ते दात का काढू देत नाही?

लकव्याने अर्धा चेहरा ओढलाय. केस पिकले. बोलणं गेलं. कधी जांभई देते तेव्हा ते चार दात दिसतात आणि क्षणभर पूर्वीची अहिल्या दिसते. तेवढ्यासाठी. दुसरं कारण नाही. शोधून पाहिलं.

२ डिसेंबर

तरीही सकाळ-संध्याकाळ कापूस, मीठ, दोरा. पू.

४ डिसेंबर

कमली गोंदियाहून आली. आईचं तोंड उघडून पाहिलं आणि हात मागे घेतला. नागपूरहून काही उत्तर आलं का म्हणून विचारलं. मी पंचांगातून पत्र काढून दिलं. तिने तारीख वाचली, माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, अकरा दिवस झाले याला."

हौ म्हटलं. झाले अकरा. ती रडली नाही, रागावलीही नाही. आईचे केस विंचरायला बसली. रागावली असती तर बरं झालं असतं.

५ डिसेंबर

सायकल-रिक्षाने दवाखान्यात नेलं. डावा खुंट चिमटा लावल्याबरोबर आला. उजव्याला वेळ लागला. अहिल्या कण्हलीसुद्धा नाही, कमलीचा हात तेवढा धरून होती. डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले. खुंटांच्या जागी हाडापर्यंत सडलेलं त्यांनी आतच दाखवलं होतं. "इतना दर्द ये कैसे सहती रहीं, बाबूजी?" म्हणाले.

सहन नव्हती करत. सांगत होती. रोज दोन वेळा सांगत होती.

९ डिसेंबर

ताप उतरला. कमली परत गेली. अहिल्या फार झोपते. वरचा ओठ आत गेलाय, चेहरा अनोळखी वाटतो. सकाळी सवयीने पाणी उकळायला ठेवलं. मग लक्षात आलं. चूल विझवली.

१२ डिसेंबर

काही लिहिण्यासारखं नाही. पाच महिने मी तिच्या दातांची सेवा केली. तिची नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

सकाळी पेज भरवत होतो. चमच्यानेच. चार-पाच चमचे झाल्यावर तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि बोबड्या तोंडाने म्हणाली, "नीळकंठ."

लग्नातला उखाणा सोडला तर एकोणतीस वर्षांत तिने माझं नाव घेतलेलं नाही.

मी म्हटलं, हौ.