सापाचं आजोळ

बुधवार, दुपार

प्रिय ताई,

तुला आणि भाओजींना नमस्कार, पोरींचे गालगुच्चे घे. मी मजेत आहे. अक्षर वाकडं आलंय, हसू नकोस. डाव्या हाताने लिहितोय. उजव्याला आज सुट्टी.

तू विचारलं होतंस, बेटावर नेमकं काम काय करतोस. मी साप धरतो. सापांवर संशोधन करणाऱ्या आमच्या मॅडम त्याच्या शेपटीचा चिमूटभर तुकडा कापून नळीत घालतात आणि साप सोडून देतात. त्या तुकड्यावरून मशीन सापाची आई, आजी, पणजी असं मागे मागे शोधत जातं. हे साप फार पूर्वी ओंडक्यांवर बसून वाहत आले म्हणे. पूर्वेच्या किनाऱ्यावरून की पश्चिमेच्या, एवढंच मॅडमना हवंय. मी चिडवायचो, "सापाचं आजोळ शोधायचा पगार मिळतो होय! कुठलं का असेना, कुणाचं काय अडलंय?"

ताई, आता माझंच अडलंय.

सकाळी धरलेला साप पिशवीत घालून गाठ मारताना तो कापडातूनच डसला. सूज मनगटावरून कोपरापर्यंत आलीय. भाओजींना सांग, आईला नको.

इथल्या दवाखान्यात दोन औषधं आहेत, एक पूर्वेच्या सापाच्या विषावर, एक पश्चिमेच्या. डॉक्टर म्हणाले, "दोन्ही एकदम याला झेपणार नाहीत. चुकीचं दिलं तर दुसऱ्याला वेळ उरणार नाही. बोला, कुठला?"

"दिसायला पश्चिमेचा आहे," मॅडम म्हणाल्या.

"मग द्या की पश्चिमेचं!" मी ओरडलो.

"दिसण्यावर भरवसा नाही रे. याच जातीच्या सापांचे तुकडे गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेत पाठवलेत, आज तिथून फोन येईल. थांब. आणि हलू नकोस, विष चढेल."

मला, भिंगऱ्याला, हलू नकोस म्हणतात! जेवतानासुद्धा तू माझा पाय दाबून बसायचीस. आता खाटेवर ओंडक्यासारखा पडलोय. जीभ जड झालीय. नुसतं छताकडे बघत पडवत नाही, म्हणून लिहीत सुटलोय.

फोन वाजला. मॅडमची पाठ दिसतेय, तोंड नाही.

पूर्वेचा निघाला.

मी ओरडून मागत होतो ते चुकीचं होतं गं. डॉक्टर सुई भरताहेत. मॅडमनी माझा पाय धरलाय, तुझ्यासारखाच घट्ट. सूज कोपर ओलांडून वर गेलीय. उशीर झाला का, ते सुई टोचल्यावरच कळेल.

कधी नव्हे तो एका जागी पडलेला,
तुझा भिंगऱ्या